मागची चाकं कुठं बघतात? ऑक्टाव्हिया आरएसच्या मागच्या सस्पेन्शनची जुळवणी

प्रश्न जयसिंगपूरच्या एका तरुणाचा आहे. त्याच्याकडं स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०. गाडीला कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक), मागं ॲडजस्टेबल कॅम्बर लिंक आणि टो लिंक, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) आणि १८ इंची चाकं अशी तयारी केलीय. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, माथा आत झुकला की निगेटिव्ह. टो म्हणजे वरून बघताना चाक आत बघतंय की बाहेर. गाडी दिसायला नाद खुळा. पण मागच्या उजव्या टायरची आतली कड सोलून निघाली. हायवेला सरळ जाताना स्टिअरिंग किंचित उजवीकडं धरावं लागतं. गगनबावड्याकडं पावसात डाव्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग बाहेर निघायला बघतो, उजव्या वळणावर मात्र तसं होत नाही. आणि स्पीडब्रेकर ओलांडताना मागून उजवीकडून ‘टक्’ आवाज येतो. अलाइनमेंटवाला म्हणतो, आकडे हिरवे आहेत, म्हणजे मर्यादेत. आता त्याला विचारायचंय, ‘दादा, कॅम्बर अजून कमी करू का?’

नको भावा. कॅम्बरला एवढ्यात हातच लावू नकोस.

तू पाठवलेला अलाइनमेंटचा कागद आधी नीट वाचू. मागच्या ॲक्सलचा टोटल टो अधिक १० मिनिटं आहे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, अधिक म्हणजे आत, उणे म्हणजे बाहेर). तो हिरवा आहे, आणि अलाइनमेंटवाल्यानं त्याच्याभोवती पेनानं गोल केलाय. त्याच्या वरच्या ओळीत दोन आकडे आहेत, ते मात्र कुणी वाचलेले दिसत नाहीत. डावं चाक अधिक १८ मिनिटं, उजवं चाक उणे ८ मिनिटं. बेरीज केली तर १० येते आणि मशीन खूश होतं. पण डावं चाक गरजेपेक्षा जास्त आत बघतंय आणि उजवं चाक बाहेर. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून उजवीकडं बघताहेत. दोन्हींतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे १३ मिनिटं, हा झाला तुझा थ्रस्ट अँगल.

आता तुझी एकेक तक्रार त्या दोन आकड्यांशी लावून बघ. मागची चाकं उजवीकडं बघतात म्हणून गाडीचं शेपूट उजवीकडं सरकतं आणि नाक डावीकडं जातं. ते सरळ ठेवायला तू स्टिअरिंग उजवीकडं धरतोस. डाव्या वळणावर सगळा भार उजव्या मागच्या चाकावर येतो, आणि नेमकं तेच बाहेर बघतंय. ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढं जातं, मागचा भाग हलका होतो, त्यात रस्ता ओला, मग शेपूट सुटणारच. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, ते वळणाच्या आत बघत असतं, म्हणून तिथं गाडी शहाण्यासारखी वागते. टायरची आतली कडही उजव्याचीच गेली, कारण टो-आउट आतली कड खातो आणि निगेटिव्ह कॅम्बर त्याच कडेवर भार टाकतो. नुसत्या कॅम्बरनं टायर इतक्या लवकर सोलला जात नाही. दीड-पावणेदोन अंश निगेटिव्ह कॅम्बर ठेवून टो बरोबर असेल तर टायर सावकाश झिजतो. टो चुकला की तो दर मीटरला रस्त्यावर आडवा घासत जातो. अशा टायरवरून आडवा तळवा फिरव. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचलं, तर दोष टोचा समज.

राहिला तो ‘टक्’ आवाज. दुरुस्तीला सुरुवात तिथूनच करायची. खिळखिळ्या जोडावर कितीही बारीक आकडा लावला तरी तो पहिल्या खड्ड्यात बदलणार.

गाडी स्टँडवर घे आणि मागचं चाक घड्याळाच्या ३ आणि ९ वर धरून आडवं हलव. दुसऱ्या माणसाला खाली बॅटरी घेऊन टो लिंकच्या दोन्ही टोकांवर बोट ठेवायला सांग. प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो. बहुतेक वेळा रोज जॉइंट (लिंकच्या टोकाचा, कडीत फिरणाऱ्या बॉलचा जोड) गेलेला नसतो, त्याला लिंकवर आवळून धरणारी चेकनट सैल झालेली असते. लिंकचे आटे चेकनटनं आवळून धरलेले नसतील तर प्रत्येक झटक्याला ते थोडे पुढं-मागं खातात, हळूहळू मोकळे होतात आणि मग टक् सुरू होतो. चेकनट घट्ट करताना लिंकचा मधला भाग दुसऱ्या पान्यानं धरून ठेवावा लागतो. न धरता आवळली तर नटबरोबर जॉइंट फिरतो आणि त्याची कडी एका बाजूला टेकते. मग चाक वर-खाली गेलं की बॉल अडतो आणि पुन्हा टक् टक्. घट्ट झाल्यावर जॉइंट हातानं दोन्ही बाजूंना सारखाच झुकतो का बघ. शेवटी नट आणि लिंक दोन्हींवरून पेंटची एक रेघ ओढून ठेव. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट हलली हे लांबूनच कळतं.

आटे आत किती गेलेत तेही आत्ताच बघून घे. जॉइंटचा दांडा व्यासाच्या निदान दीडपट तरी आत असावा. म्हणजे १२ मिमीच्या दांड्याचे १८ मिमी. चांगल्या लिंकला त्यासाठी एक बारीक भोक दिलेलं असतं. त्यातून तार घातली आणि ती आट्यांना अडली, तर पुरेसं आहे. तार आरपार गेली तर ती लिंक गाडीवर ठेवायची नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडं दहातल्या नऊ गाड्यांत चुकलेली असते. आर्मच्या जोडांत बसणारे कंपनीचे रबर बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला पक्की धरली जाते, आणि चाक वर-खाली होताना रबर पिळतं. गाडी जॅकवर, चाकं हवेत लोंबकळताहेत आणि मेकॅनिकनं तिथंच सगळे बोल्ट आवळले, तर बुशची ‘शून्य’ स्थिती त्या लोंबकळत्या अवस्थेत बसते. गाडी खाली उतरली की सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत कायमचे जगतात. ते चोरट्या स्प्रिंगसारखे गाडीला वर ढकलतात, मागचा भाग ताठ वाटतो, तू त्या उंचीवर अलाइनमेंट करून घेतोस, आणि काही आठवड्यांत रबर सैलावून गाडी खाली बसते. उंची बदलली की कॅम्बर बदलला, टो बदलला. मग अलाइनमेंटवाल्याच्या नावानं शिमगा.

म्हणून बोल्ट आधी हातानं बसतील एवढेच लावायचे. नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत जी उंची ठेवायची आहे, ती येईपर्यंत खालच्या आर्मखाली जॅक लावून आर्म वर घ्यायचा आणि त्या स्थितीत शेवटचं टाइट करायचं. पिट असेल तर उत्तम, गाडी चाकांवर उभी करून खालून आवळता येते. टॉर्कचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घे, आणि ज्या बोल्टला ‘अमुक न्यूटन-मीटर आणि वर अमुक अंश’ असं लिहिलंय तो एकदा उघडला की बदलायचा. तो ताणून बसवलेला असतो, दुसऱ्यांदा तसाच ताण धरेल याची खात्री नसते. पॉलियुरेथेन बुश असतील तर पिळाचा प्रश्न येत नाही कारण आतली नळी मोकळी फिरते, पण मग ग्रीस लागतं. एका पावसाळ्यानंतर बारदानासारखा कुरकुर आवाज आला तर ग्रीस धुऊन गेलं असं समज.

आता उंची. तुझ्या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे आहेत. स्प्रिंग खालच्या आर्मवर, आतल्या पिव्हट आणि चाक यांच्या मध्ये कुठंतरी बसते. त्यामुळं पर्च (स्प्रिंगची फिरवता येणारी बैठक) जेवढा फिरवशील तेवढीच गाडी हलत नाही, जास्त हलते. आर्मवर टेप लावून दोन मापं घे, पिव्हटपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंत आणि पिव्हटपासून बाहेरच्या जोडापर्यंत. समज ती २६० आणि ३८० मिमी भरली. गुणोत्तर ०.६८. म्हणजे पर्च १० मिमी खाली घेतला तर चाकाजवळ गाडी साधारण १५ मिमी खाली येणार. कडकपणाला हेच गुणोत्तर दोनदा लागतं, त्यामुळं तिथली स्प्रिंग चाकापाशी निम्म्याहूनही कमी कडक पडते. किटच्या कागदावर मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसतो, त्याचं कारण हे आहे. ‘मागची फार कडक आहे, बदलून मऊ टाकतो’ असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्या हातात टेप दे.

उंची लावताना अँटी-रोल बारची लिंक एका बाजूनं सोडून ठेव. बार जोडलेला असताना डावा पर्च फिरवलास तर उजवी बाजूही हलते आणि तू दिवसभर एकामागून एक फिरवत बसशील. सगळं झाल्यावर, ड्रायव्हरच्या वजनासकट, लिंक अशी जोड की बोल्ट हातानं सहज आत जाईल. पहारीनं ढकलून बसवावा लागला तर बार आधीच पिळलाय आणि गाडी डाव्या-उजव्या वळणावर वेगवेगळी वागणार.

ड्रायव्हरच्या वजनासाठी आमच्याकडं सोपा उपाय आहे. साखरेचं पोतं ५० किलोचं. ते सीटवर आडवं, आणि पायापाशी पाण्याचा २० लिटरचा जार. झाला ७० किलोचा माणूस, तोही न हलणारा. कंपनीचे आकडे रिकाम्या गाडीचे असतात हे लक्षात ठेव. पण तू गाडी बदललीस, आता तुझे आकडे तू चालवतोस त्या अवस्थेत जुळवायचे. टाकी निम्मी, टायरमध्ये रोजची हवा. मापापूर्वी गाडी चार-पाच मीटर पुढं-मागं ढकलायची आणि मागून दोन-तीनदा दाबायची. जॅकवरून उतरल्या उतरल्या टायर जमिनीला घट्ट धरून ठेवतात, गाडी पूर्ण बसलेलीच नसते. त्या वेळचं माप खोटं.

किती खाली घ्यायची हा तुझा प्रश्न. पण आपल्याकडं रस्ता कोण वापरतं तेही बघ. गळीत हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी हातकणंगले-शिरोळकडच्या रस्त्यांच्या कडा दाबून टाकलेल्या असतात, मध्ये उसाची कांडी पडलेली, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाला आपापल्या मापाचा स्पीडब्रेकर. मागचा शॉक बंप स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरावर) बसायला निदान ५०-६० मिमी चाल शिल्लक हवी. शॉकच्या दांड्यावर केबल टाय बांधून एक दिवस नेहमीच्या रस्त्यानं फिर. टाय सरकत सरकत स्टॉपला जाऊन चिकटला असेल, तर गाडी फार खाली आहे. बंप स्टॉपवर बसलेलं चाक वळणात अचानक सुटतं, त्यावर कुठलाही टो उपयोगाचा नाही.

हेडलाइट आपोआप लेव्हल होणारे असतील तर मागच्या आर्मवर त्यांचा एक छोटा सेन्सर आणि त्याची बारीक दांडी असते. नव्या लिंकला ती घासते का ते बघ, आणि उंची ठरल्यावर स्कॅनर लावून सेन्सरचं बेसिक सेटिंग करून घे. नाहीतर हेडलाइटचा झोत एकतर बॉनेटपुढं जमिनीवर किंवा समोरच्या एसटीवाल्याच्या डोळ्यात.

उंची पक्की झाल्यावर कॅम्बर. गाडी खाली घेतली की या मांडणीत मागचा निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, म्हणून तर वरची लिंक ॲडजस्टेबल घ्यावी लागते. वरची लिंक लांब केली की चाकाचा माथा बाहेर जातो आणि निगेटिव्ह कॅम्बर कमी होतो, आखूड केली की वाढतो. किती फेऱ्याला किती अंश, हे अंदाजानं करू नको. नकलवर (हब धरणाऱ्या भागावर) वरच्या आणि खालच्या बाहेरच्या जोडांमधलं उभं अंतर मोज. ते २४० मिमी भरलं असं धर, तर १ अंशाला लिंक ४ मिमीच्या आसपास हलवावी लागते. लिंकच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतील, आणि आटा दीड मिमीचा असेल, तर मधला दांडा एक फेरा फिरवला की लांबी ३ मिमी बदलते. म्हणजे एका फेऱ्याला पाऊण अंश. हे गणित वहीत लिहून ठेवलं की रात्री दहापर्यंत ‘अजून अर्धा फेरा, बघू’ असं चालत नाही.

आकडा सांगायचा तर रस्त्यावरच्या तुझ्या गाडीला मागं दीड अंश निगेटिव्ह पुरे. तू म्हणतोस वर्षातून एखाद्या वेळी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जायचा विचार आहे, तर पावणेदोनपर्यंत जा. पण एक पथ्य पाळ. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी आहे. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा बराच जास्त ठेवलास तर मागं पकड भरपूर आणि पुढं कमी, मग गाडी वळणात नाक बाहेर काढत राहील आणि तू त्याचा राग आणखी जाड बारवर काढशील. पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, तिथं कॅम्बर मिळवायला जागा कमी. म्हणून पुढं किती मिळतो ते आधी बघ आणि मागचा त्याच्या आसपास ठेव.

आणि टो शेवटी. नेहमी शेवटी. कॅम्बर लिंक हलवली की चाक जरासं वळतंच, कारण सगळे आर्म एकाच उंचीवर आणि एकाच लांबीचे नसतात. आधी टो लावून मग कॅम्बर फिरवला तर ती मेहनत वाया.

तुझ्या गाडीत टो बदलायच्या आता दोन जागा झाल्यात हेही ध्यानात घे. एक नवी लिंक, आणि दुसरा कंपनीचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा), जो आर्मच्या आतल्या टोकाला असतो. दोन्ही सुटे ठेवले तर कोणी काय फिरवलं ते पुढच्या माणसाला कळत नाही. एक्सेंट्रिक बोल्ट मधोमध आणून तिथं पक्के कर. त्यासाठी लॉकआउट प्लेट मिळतात, त्या बसवल्यास तर खड्ड्यात बोल्ट सरकायची भीतीही जाते. मग पुढचं सगळं काम फक्त लिंकवर.

प्रत्येक चाकाला अधिक ५ ते ८ मिनिटं, टोटल १० ते १६, हे रस्त्यावर चालवायच्या गाडीला. ट्रॅकवर काही जण मागचा टो शून्यावर आणतात, गाडी चटकन वळते म्हणून. कोल्हापूरच्या पावसात ते नको. टो-आउट तर कधीच नको. तुझ्या उजव्या चाकाला उणे ८ वरून अधिक ५ वर यायचं तर १३ मिनिटं आत वळवायचं आहे, डाव्याला अधिक १८ वरून तेवढंच बाहेर. हे किती बारीक काम आहे बघ. टो लिंकच्या जोडापासून खालच्या आर्मच्या जोडापर्यंतचं आडवं अंतर २०० मिमी धरलं, तर १३ मिनिटं म्हणजे लिंकच्या लांबीत जेमतेम पाऊण मिमी. दोन्हीकडं उलट-सुलट आटे असलेल्या लिंकवर तो झाला पाव फेरा. चेकनट आवळताना लिंक चुकून एवढी फिरू शकते. म्हणून नट आवळल्यावर पुन्हा माप, हा नियम. लिंक ॲक्सलच्या पुढं असेल तर ती आखूड केल्यानं टो-इन वाढतो, मागं असेल तर उलटं. खाली वाकून एकदा बघ, कुणाच्या तोंडच्या गोष्टीवर जाऊ नको.

दोन्ही बाजूंच्या लिंकची लांबी शेवटी मोजून ठेव. डाव्या-उजव्यात दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक टाकल्याशिवाय आकडे जुळत नसतील, तर लिंकनं दुसराच कुठला दोष झाकला जातोय. सबफ्रेमच्या (सगळे आर्म जिला जोडलेले असतात त्या चौकटीच्या) बोल्टच्या भोकांना थोडी मोकळीक असते, सबफ्रेम एका बाजूला सरकून बसलेली असू शकते. किंवा कधीतरी खड्ड्यात ट्रेलिंग आर्म नाहीतर त्याचा ब्रॅकेट वाकलाय. जुनी गाडी घेतली असशील तर हे आधी तपास.

मशीनवर जाण्याआधी घरी दोरीनं तपासता येतं. पुढच्या आणि मागच्या बंपरपाशी गाडीच्या रुंदीपेक्षा लांब असे दोन सारखे पाइप स्टँडवर आडवे ठेव. दोन्हींवर मधल्या खुणेपासून सारख्या अंतरावर खाचा, आणि त्यांत दोन्ही बाजूंनी मासेमारीचा नायलॉन दोरा चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणून बांध. दोरा ते पुढचा हब हे अंतर डावीकडं-उजवीकडं सारखं कर, मागच्या हबचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, कारण पुढच्या-मागच्या ट्रॅकची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधली, रुंदी वेगळी असते. त्याची काळजी नको. आता स्टीलच्या पट्टीनं दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत मोज. पुढची कड दोऱ्यापासून जास्त लांब असेल तर टो-इन. १८ इंची रिमवर १ मिमीचा फरक म्हणजे सात-साडेसात मिनिटं. रिमला थोडा वाक असतोच, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोज आणि सरासरी घे. चाकाखाली दोन पत्रे, त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे लिंक फिरवली की चाक अडखळत नाही. पट्टीवर अर्धा मिमी वाचता येतो, म्हणजे तीन-चार मिनिटांपर्यंतचा भरवसा. त्यामुळं दोरीनं चूक पकडायची, शेवटचा आकडा मशीनवरच लावायचा. तुझं उजवं चाक बाहेर बघतंय हे मात्र दोरीनं पाच मिनिटांत दिसलं असतं.

बारबद्दल. त्याला दोन भोकं आहेत आणि तू कडक बाजूला लावलाय, असं तू लिहिलंयस. लिंक आतल्या भोकात घेतली की लिव्हर आखूड होतो, आणि बारचा कडकपणा लिव्हरच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वाढतो. २०० मिमीचा लिव्हर १८० झाला तर कडकपणा जवळजवळ पावपट वाढतो, फरक दोन सेंटिमीटरचाच असला तरी. मागचा बार कडक असला की वळणात मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो. कोरड्या रस्त्यावर नाक छान आत जातं. ओल्या घाटात तोच बार आणि उजवं चाक टो-आउट, म्हणजे तू जे अनुभवलंस ते. जून ते सप्टेंबर मऊ भोकात ठेव. दहा मिनिटांचं काम आहे.

शॉकचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे क्लिक पूर्ण बंद करून तिथून उलटे मोजायचे आणि डाव्या-उजव्याला सारखे ठेवायचे. मागचा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध) फार कडक असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि गाडी मागून हळूहळू खाली बसत जाते. कागल ते निपाणीच्या हायवेच्या लांब लाटांवर छान वाटणारं सेटिंग गावच्या रस्त्यावर उड्या मारतं, ते यामुळं. मधल्या क्लिकपासून सुरू कर, एका वेळी दोनच क्लिक बदल, आणि त्याच दिवशी दुसरं काहीही बदलू नको.

तू शेवटी विचारलंस की एक लिंक वाकली तर उद्यमनगरात करून मिळेल का. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काय करून मिळत नाही ते सांग. स्पेसर, स्लीव्ह, बार क्लॅम्पचे बुश, पर्चखालची रिंग हे बिनधास्त लेथवर करून घे, आपल्या टर्नरचा हात कुणाला ऐकणार नाही. पण कंपनीची लिंक कापून मध्ये पाइप वेल्ड करून ‘ॲडजस्टेबल’ करायचा जो प्रकार चालतो, तो करू नको. प्रश्न ताकदीचा नसतो. वेल्ड एका झटक्यात कदाचित तुटणार नाही. पण टो लिंकवर ताण आणि दाब सेकंदा-सेकंदाला आलटून पालटून येतात, आणि वेल्डच्या कडेला तापून बदललेल्या धातूत बारीक चीर धरते. ती रंगाखाली वाढत जाते आणि लिंक एक दिवस १०० च्या वेगात सुटते. मग मागचं चाक मनाला येईल तिकडं वळतं. रोज जॉइंट दोन पत्र्यांच्या मध्ये बोल्टवर बसलेला असावा, एकाच बाजूनं लटकलेला नसावा, हेही बघ. एका बाजूनं धरलेला बोल्ट वाकत राहतो.

हेच वाचून पोलो, स्विफ्ट, आय-२० वाले लिंक शोधायला लागतील म्हणून सांगतो. तुमच्या गाडीला मागं ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथं फिरवायला काहीच नाही. हब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखी शिम घालून टो-कॅम्बर थोडा बदलता येतो, बस. आकडे खूपच बाहेर असतील तर बीम वाकलाय.

आरटीओ आणि विम्याचं एका वाक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत परस्पर फेरफार करता येत नाहीत, आणि बदल विमा कंपनीला न सांगता केले तर दावा अडकू शकतो. याबद्दल तुझ्या विमा एजंटाशी आधी बोल.

आता अलाइनमेंटला जाशील तेव्हा पोतं सीटवरच राहू दे. ऑपरेटर हसला तर हसू दे. त्याला आधीच सांग, मागची दोन्ही चाकं वेगवेगळी लावायची आहेत, टोटल नको, आणि थ्रस्ट अँगल शून्याच्या २-३ मिनिटांत हवा. पुढचा टो त्यानंतर, स्टिअरिंग सरळ धरून. तो ‘मागचं ॲडजस्ट होत नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान बघ. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद घे, आणि लिंकच्या लांब्या त्यांच्या मागं लिहून ठेव. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पेंटच्या रेघा बघ आणि दोरी लाव. नंतर पावसाळ्यात महिन्यातून एकदा रोज जॉइंटवरची तांबडी माती पाण्यानं धुऊन, बूट (जॉइंटवरची रबरी आवरणं) फाटलेत का ते तपास. फाटलेला बूट दिसला की त्याच आठवड्यात बदल, माती आत गेल्यावर जॉइंट फार दिवस काढत नाही. उजवा मागचा टायर मात्र आता डावीकडं टाकून चालवत बसू नको. आतली कड तारेपर्यंत गेली असेल तर दोन्ही मागचे नवे घे, आणि तेही अलाइनमेंटच्या आधी.